टाकी धुतली, कँडल बदलली, तरी नळाला पुन्हा गढूळ पाणी: मुंबईच्या इमारतीत दोष नेमका कुठे शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. सकाळी पाणी आलं की पहिली काही मिनिटं पिवळट, कधी मातकट. पावसाळा लागला की त्यात वासाची भर. प्युरिफायरवाला येतो, कँडल काळी झाली म्हणतो, नवी घालून पैसे घेऊन जातो. सोसायटी टाक्या धुऊन घेते आणि पावती नोटीस बोर्डावर लावते. थोडे दिवस बरे जातात. मग चौथ्या मजल्यावरच्या काकू पुन्हा ग्लास हातात घेऊन सेक्रेटरीच्या दारात उभ्या: "हे बघा. तुम्ही प्याल का हे?"

तीच तक्रार फिरून फिरून येते तेव्हा बहुधा उपाय भलत्याच जागी चाललेला असतो. पाणी कुठे बिघडतं हे कळेपर्यंत नवीन मशीन, नवीन कँडल, नवीन टाकी यातलं काहीही घेऊ नका. कुठल्या नळाला खराब येतं आणि किती वाजता येतं, एवढं नीट पाहिलं की निम्मं काम होतं. त्यासाठी काचेच्या चार-पाच रिकाम्या बाटल्या आणि एक पांढरा कागद पुरतो.

मुळात येणारं पाणी कसं असतं

मुंबईला सात तलावांतून पाणी मिळतं. विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीतच, राष्ट्रीय उद्यानात. तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा बाहेर, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या बाजूला. विहारचं पाणी १८६० पासून शहरात येतंय, मध्य वैतरणा धरण २०१४ चं. (पवईचाही तलाव त्याच हेतूने बांधला होता, पण ते पाणी पिण्याजोगं निघालं नाही.) भांडुप आणि पांजरापूर इथल्या केंद्रांत तुरटी घालून गाळ बसवतात, पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि क्लोरीन घालून पुढे सोडतात. हे सगळं पावसाचं, तलावात साठलेलं पाणी असल्यामुळे ते मऊ असतं. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) बुडवलात तर आकडा बहुतेक वेळा शंभराच्या आत दिसेल. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे ५०० पर्यंत चालतं.

२०१९ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने राज्यांच्या राजधान्यांतलं नळाचं पाणी तपासून घेतलं तेव्हा मुंबईचे दहाही नमुने मानकात बसले होते. ती बातमी अजून व्हॉट्सॲपवर फिरते आणि कुणी तक्रार केली की कमिटीतला एक तरी माणूस ती पुढे करतो. बातमी खरी आहे. पण ज्या बाटल्या तेव्हा तपासल्या त्यात तुमच्या इमारतीच्या खालच्या टाकीतलं पाणी नव्हतं.

आधी ग्लासात बघा

काचेचा ग्लास भरा आणि कागदासमोर धरून पाच मिनिटं तसाच ठेवा. पाणी दुधासारखं पांढरं दिसतंय आणि तळाकडून वर असं हळूहळू निवळतंय, तर ती हवा आहे. पाणी नुकतंच सुरू झालं की नळीतली हवा बारीक बुडबुडे होऊन येते. खुशाल प्या. उलट वरून निवळत जाऊन तळाशी काही बसलं, तर तो गाळ. तांबूस पूड बसली तर गंज. मातकट थर बसला तर माती, म्हणजे बाहेरून काहीतरी आत आलेलं आहे.

काळे बारीक कण चिमटीत चोळून पाहा. रबरासारखे ताणले गेले तर नळाचा किंवा व्हॉल्व्हचा वॉशर झिजलाय. फिल्टरनंतरच्याच पाण्यात काळी पूड असेल तर ती कार्बन कँडलची; नवी घातल्यावर सुरुवातीला थोडी येते. लालसर, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या पालिकेने पाठवलेल्या नाहीत. वरच्या टाकीचं झाकण उघडं आहे, जाऊन बघा.

वासाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यात लोक नेमके उलटे घाबरतात. ब्लीचिंगचा, स्विमिंग पुलासारखा वास आला की फोनाफोनी सुरू होते. तो क्लोरीन, आणि मानकानुसार तो नळापर्यंत थोडासा शिल्लक राहायलाच हवा: लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. वास नको असेल तर पाणी रुंद तोंडाच्या पातेल्यात तासभर उघडं ठेवा, बराचसा उडून जातो. काळजी कधी करायची? रोजचा हलका क्लोरीनचा वास अचानक नाहीसा झाला आणि त्याजागी कुजकट किंवा दलदलीसारखा वास आला, तेव्हा. याचा अर्थ वाटेत कुठेतरी घाण मिसळली आणि तिच्याशी झुंजण्यात क्लोरीन संपला. उन्हाळ्याच्या शेवटी तलाव खाली गेलेले असताना मातीचा, बुरसट वास कधी कधी येतो. तो शेवाळामुळे, आणि तो आजूबाजूच्या सगळ्याच इमारतींत येतो.

बाटल्यांचा प्रयोग

पाणी यायच्या वेळेआधी वॉचमनला घेऊन खाली उतरा. पहिली बाटली मीटरजवळच्या नळाची, थेट पालिकेच्या लाइनवरची. असा नळ नसेल तर खालच्या टाकीचं झाकण उघडून, बॉल कॉकमधून (टाकी भरली की आपोआप बंद होणाऱ्या, तरंगत्या गोळ्याच्या नळातून) पडणाऱ्या धारेखाली बाटली धरा. पाणी सुरू झाल्या झाल्या एक भरा आणि अर्ध्या तासाने दुसरी. तिसरी खालच्या टाकीतल्या साठ्याची, पंप लावायच्या आधी. चौथी गच्चीवरच्या टाकीच्या आउटलेटची. पाचवी स्वयंपाकघरातली, फिल्टरच्या आधीच्या नळाची. स्केच पेनने वेळ आणि जागा लिहा आणि सगळ्या एका ओळीत ठेवा. ज्या दोन बाटल्यांच्या मध्ये रंग बदलतो तिथे दोष आहे.

हे स्वतः उभं राहून बघण्यासारखं आहे. पहाटे झाकण सरकवलं की आधी बॉल कॉकमधून नुसती हवा फुसफुसते. मग नळी खोकल्यासारखे दोन-चार ठसके देते, एक तांबूस पिचकारी टाकीच्या भिंतीवर उडते, मग धार लागते. सुरुवातीची धार टॉर्चच्या उजेडात चहाच्या रंगाची दिसते. आपण तिथेच उभे असतो आणि काही मिनिटांत ती स्वच्छ होते. एवढं प्रत्यक्ष पाहिलेला सेक्रेटरी पुन्हा "वरूनच खराब येतं हो, आपण काय करणार" असं म्हणत नाही.

पहिली बाटली खराब, अर्ध्या तासाची स्वच्छ

मुंबईत सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच. आपल्याकडे बहुतेक भागांत पाणी दिवसातून ठरावीक तासच येतं. बाकी वेळ लाइनमध्ये दाब नसतो. पाणी चालू असताना ज्या फटीतून ते बाहेर गळतं, त्याच फटीतून पाणी बंद असताना बाहेरचं आत शिरतं. बाहेर काय असतं ते जुन्या गल्लीत फरशी उचलून बघा: घरोघरच्या जोडण्यांच्या नळ्या गटारातून किंवा गटाराला खेटून गेलेल्या असतात. त्यात कुणी लाइनवर थेट मोटार लावली असेल तर शोषण आणखी वाढतं आणि घाण जास्त ओढली जाते. थेट मोटार लावणं बेकायदा आहे ते त्यामुळेही, नुसतं शेजाऱ्याचं पाणी पळतं म्हणून नाही.

ही सुरुवातीची खराब धार टाकीत पडते, उरलेल्या चांगल्या पाण्यात मिसळते आणि मग इमारत दिवसभर गढूळ पाण्याची तक्रार करते. टाकी धुतल्यावर थोडे दिवस बरं का वाटतं, तेही इथेच कळतं. तळाचा गाळ गेलेला असतो, पण रोजचा रतीब चालूच असतो.

यावर दोन पातळ्यांवर काम करावं लागतं. पहिलं, टाकीच्या इनलेटच्या आधी एक टी (नळीला फाटा काढणारा जोड) आणि त्यावर बाजूला सोडायचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. पाणी आलं की आधी बाजूची वाट उघडायची, धार निवळली की ती बंद करून टाकीची उघडायची. बाजूचं पाणी जिना आणि गाड्या धुवायला किंवा फ्लशच्या वेगळ्या टाकीला वापरा. हे काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या. व्हॉल्व्ह स्वस्त आहे. महाग आहे तो रोज पहाटे तो उघडणारा माणूस. वॉचमनच्या ड्युटीच्या कागदावर हे काम लिहिलेलं नसेल तर आठवड्याभरात बंद पडतं.

दुसरं, गळती शोधणं. त्यासाठी शेजारच्या दोन इमारतींत त्याच वेळी बाटल्या भरायला सांगा. त्यांच्याकडेही खराब असेल तर दोष रस्त्याखालच्या पालिकेच्या लाइनमध्ये आहे. फक्त तुमच्याकडे असेल तर मुख्य लाइनपासून तुमच्या मीटरपर्यंतची जोडणी गंजलेली किंवा फुटलेली आहे, आणि ती दुरुस्ती बहुतेक वेळा सोसायटीच्याच खिशातून होते. जुनी लोखंडी नळी पॅच मारून फार दिवस टिकत नाही. गटारातून जात असेल तर मार्ग बदलून, उचलून, नवीन टाकणंच बरं.

चाळीत आणि बैठ्या घरांत खालची टाकी नसते, हंडे-पिंपं थेट भरली जातात. तिथे एक सवय नेमकी उलटी पडते. पाणी आलं रे आलं की कालचं "शिळं" म्हणून मोरीत ओतायचं आणि ताज्या धारेखाली पहिला पिण्याचा हंडा लावायचा. कालचं झाकून ठेवलेलं पाणी खराब झालेलं नसतं, आणि पहिली धार दिवसातली सगळ्यात घाण धार असते. पहिल्या बादल्या धुण्याभांड्याला आणि मोरीला लावा, पिण्याचा हंडा शेवटी. घरातल्या आजीला हे पटवणं कँडल बदलण्यापेक्षा अवघड आहे, पण खर्च शून्य.

लाइनवर स्वच्छ, खालच्या टाकीत खराब

टाकी गळकी आहे का ते असं बघा. पाण्याची वेळ संपली की रात्री इनलेट आणि पंप दोन्ही बंद करा, टाकीच्या भिंतीवर खडूने पातळीची रेघ मारा आणि सकाळी पाहा. पातळी उतरली तर पाणी बाहेर झिरपतंय. पातळी चढली तर त्याहून वाईट: बाहेरचं पाणी आत येतंय. हा प्रयोग पावसाळ्यात नक्की करा. कोरड्या दिवसांत निर्दोष वाटणारी टाकी जमिनीतली पाण्याची पातळी वाढली की आत घेऊ लागते. ड्रेनेजचं चेंबर टाकीपासून किती लांब आहे तेही मोजा. जुन्या इमारतींत दोघं हातभर अंतरावर नांदत असलेली दिसतात.

झाकण जमिनीच्या पातळीवर असेल आणि कंपाउंडमध्ये पावसात पाणी तुंबत असेल तर कुठलंही मशीन तुम्हाला वाचवणार नाही. झाकणाभोवती बांधकाम करून तोंड उचलून घ्या, पाणी जिथवर चढतं त्याच्या वर. एकदा तुंबलेलं पाणी आत शिरलं की ती टाकी रिकामी करून, घासून, ब्लीचिंग करूनच वापरायची. हजार लिटर पाण्याला २०० ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे साधारण २५ टक्के क्लोरीनवाली, बादलीत कालवून वरचं निवळलेलं पाणी टाकीत घाला. रात्रभर ठेवा, सगळं सोडून द्या, पुन्हा भरा, धुवा, मग वापरा. हे प्रमाण टाकी निर्जंतुक करण्याचं आहे, ते पाणी कुणी प्यायचं नाही. त्या दिवशी प्रत्येक मजल्यावर सूचना लावा. आणि पावडर नवीन आणा. मागच्या वर्षीची, दमट कोपऱ्यात पडलेली अर्धी पिशवी आता चुन्याच्या लायकीची असते.

पाणी सकाळी बरं आणि संध्याकाळी गढूळ होत असेल तर बहुधा पंपाचा फूट व्हॉल्व्ह (टाकीतल्या शोषनळीच्या टोकाचा) तळाला टेकलाय. टाकी खाली गेली की तो गाळ ओढतो. वीतभर वर उचलून घ्या. प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम, पण टाकी धुणारा ते करत नाही, कारण त्याला कुणी सांगत नाही.

वरच्या टाकीपासून पुढे

वरच्या टाकीत बघायचं फारसं नसतं: झाकण घट्ट आहे का, ओव्हरफ्लोच्या नळीला जाळी आहे का, कबुतरांची वस्ती किती, उजेड आत जातो का. उजेड गेला की शेवाळ आलंच. पालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक डासांसाठी झाकणं तपासत फिरतात. गच्चीची किल्ली मिळत नाही म्हणून त्यांना परत पाठवणाऱ्या सोसायट्यांचं मला नवल वाटतं.

वरच्या टाकीची बाटली स्वच्छ आणि घरातली तांबूस, तीही फक्त सकाळी उठल्यावर पहिल्या मिनिटाला, असं असेल तर इमारतीतल्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांचा गंज आहे. रात्रभर उभं राहिलेलं पाणी तो सोबत आणतं. स्वयंपाकघरात याची खूण चहात मिळते: पाण्यात लोह जास्त असेल तर चहा नेहमीपेक्षा काळपट, शाईसारखा उतरतो. एवढ्याशा गंजाने आजार होत नाही, पण पाइप आतून सडलेत हे कळतं. एकाच विंगमध्ये असेल तर त्या विंगचा उभा पाइप बदला, सगळ्या इमारतीचा नको.

डाळ शिजत नाही, चहावर साय येते

हा वेगळाच प्रकार, एप्रिल-मेमध्ये हमखास. पाणी दिसायला काचेसारखं, वास नाही. पण तूरडाळ चार शिट्यांनी शिजायची ती सहा शिट्यांनंतरही दातात येते, कुकरच्या आत पांढरा थर धरतो, चहा गार होताना वर तवंग येतो, साबणाला फेस नाही. टीडीएस मीटर लावा. नेहमी शंभराच्या आत असणारा आकडा चारशे-पाचशेवर गेला असेल तर टाकीत टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी मिसळलंय. त्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालाला आणि पेशींना घट्ट करतं, म्हणून ती मऊ पडत नाही. टँकरच्या ड्रायव्हरला विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं, "पालिकेचंच आहे साहेब." मीटर त्याच्यासमोरच बुडवा.

अशा दिवसांत डाळीला आणि चहाला पालिकेच्या थेट नळाचं पाणी वेगळं भरून ठेवा. कडधान्यं रात्री भिजवून ते पाणी टाका. चिमूटभर खायचा सोडा घातला तर डाळ शिजते हे खरं, पण त्याने बी-१ जीवनसत्त्व जातं आणि आमटीला साबणासारखी चव येते. मला तो प्रकार मुळीच आवडत नाही. कायमचा उपाय कमिटीचा आहे: टँकर आणि बोअरचं पाणी वापरायच्या वेगळ्या टाकीत घ्या, पिण्याच्या टाकीत नको.

टीडीएस मीटरबद्दल एक सांगून ठेवतो. तो फक्त विरघळलेले क्षार मोजतो. गटाराचं पाणी थोडंसं मिसळलं तरी आकडा ऐंशीचा नव्वद होईल आणि तुम्ही निर्धास्त राहाल. दारावर येणारा विक्रेता तो मीटर बुडवून "बघा, अशुद्ध" म्हणतो तेव्हा तो पाण्याच्या शुद्धतेबद्दल काहीही सांगत नसतो.

आरओ घ्यायचा का

आरओ म्हणजे पडद्यातून पाणी दाबून क्षारही काढून टाकणारा प्युरिफायर. पालिकेच्या पाण्याला तो नको. मऊ पाण्यातले क्षार आणखी काढून काय मिळवायचं? घरगुती आरओ प्यायच्या एका लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत सोडतो, तेही ज्या शहरात मे महिन्यात पाणीकपात होते तिथे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या पाण्यावर आरओ वापरायला बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. वर्षभर बोअरवर असलेल्या इमारतीची गोष्ट निराळी.

इथला खरा धोका जंतूंचा आहे. त्याला उकळणं किंवा यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) पुरतं. यूव्हीची एक अट आहे: पाणी आधी निवळशंख हवं. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांच्या आड लपतात आणि दिवा नुसता जळत राहतो. कार्बनची कँडल क्लोरीन काढून घेते, त्यामुळे फिल्टरमधून काढलेलं पाणी पिंपात भरून तीन-तीन दिवस ठेवू नका. त्याचं रक्षण करणारं आता त्यात काही उरलेलं नसतं. लागेल तेवढंच काढा.

उकळणं, आणि "स्वयंपाकाला काय, उकळतंच की"

गढूळ असेल तर आधी निवळू द्या. तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवा, तासभर हलवू नका, वरचं पाणी चौपदरी स्वच्छ कापडातून गाळा. मग उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, पंधरा मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून गार करा. उकळलेलं पाणी कालच्या न घासलेल्या बाटलीत ओतलं की सगळी मेहनत वाया. माठातून काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, बोटं पाण्यात बुडता कामा नयेत. गॅस परवडत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण, पाकिटावरच्या प्रमाणात, आणि किमान अर्धा तास थांबणं. गढूळ पाण्यात तेही नीट काम करत नाही.

भात, आमटी, उसळ यांना गाळून घेतलेलं नळाचं पाणी चालतं. पोळीची कणीकही, कारण पोळी तव्यावर भाजली जाते. पण पातेल्यात न जाणारं पाणी आपल्या स्वयंपाकात किती असतं ते मोजा. कोथिंबिरीची चटणी मिक्सरला लावताना घातलेलं, ताक घुसळताना घातलेलं, सोलकढीतलं, पन्ह्यातलं, फ्रिजमधल्या बर्फाच्या ट्रेमधलं. कोशिंबिरीची काकडी ज्यात धुतली ते. शिजलेल्या वरणाला घट्ट झालं म्हणून वरून ओतलेलं वाटीभर. घरात सगळे उकळलेलं पाणी पितात आणि तरी पोट बिघडतं, तेव्हा मी आधी ताकाबद्दल विचारतो. बाळाच्या दुधाच्या बाटल्या धुतल्यावर शेवटी खळबळायचं पाणीही उकळलेलंच हवं.

आणि उकळून फक्त जंतू मरतात. गाळ, गंज, क्षार जागच्या जागी राहतात.

सांडपाण्याचा वास आला तर

इथे प्रयोग करत बसू नका. टाकीचा इनलेट बंद करा, पंप बंद करा, प्रत्येक घरी कळवा. ते पाणी उकळूनही पिऊ नका. पालिकेच्या १९१६ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि वॉर्ड ऑफिसला सहायक अभियंता, जलकामे यांच्या नावे लेखी पत्र द्या. पत्रात "पाणी खराब येते" एवढंच लिहिलं तर ते फायलीत जातं. किती वाजता पाणी आलं, किती मिनिटांनी निवळलं, शेजारच्या कुठल्या इमारतींत तसंच आहे, मीटरजवळ खराब आहे की टाकीत, हे लिहा. आजूबाजूच्या सोसायट्यांनी त्याच दिवशी आपापली तक्रार दिली तर शोधणाऱ्यांना कुठे खणायचं ते कळतं.

जंतूंची तपासणी करायची तर प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली आणा. मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत नेलेल्या नमुन्याचा रिपोर्ट त्या बाटलीचाच असतो. नळाचं तोंड स्पिरिटने पुसा, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला हात न लावता भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. रिपोर्टमध्ये १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (मैल्यातून येणारे जंतू) अजिबात नसायला हवेत. थोडेसे चालतात, असं काही नसतं. घरच्या घरी चाचपणी करायला एचटूएस चाचणीची बाटली मिळते: पाणी भरून उबदार जागी ठेवा, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर मैला मिसळल्याचा दाट संशय.

इमारतीत कुणाला कावीळ झाली की लोक आजच्या पाण्याकडे बोट दाखवतात. जुलाब-उलट्या खराब पाण्यानंतर काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत होतात, टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात. पाण्यातून येणारी कावीळ मात्र साधारण महिन्याभराने दिसते. म्हणून तेव्हा महिन्यापूर्वी काय झालं होतं ते आठवा: कुठे रस्ता खणला होता, कधी कंपाउंडमध्ये पाणी तुंबलं होतं, कधी पाणीपुरवठा बंद होता. घरात गरोदर बाई असेल तर अशा वेळी जास्त जपा, हेपॅटायटिस ई (पाण्यातून येणाऱ्या काविळीचा एक प्रकार) त्यांना फार घातक ठरू शकतो.

दुरुस्ती झाल्यावर बाटल्या एकदा पुन्हा भरा, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणखी एकदा. जलवाहिनीच्या कामासाठी अमुक विभागात चोवीस तास पाणी बंद, अशी बातमी आली की पाणी परत येईल तेव्हा रिकाम्या लाइनमधला सगळा गाळ पहिल्या धारेत येणार हे धरून चाला. आदल्या रात्रीच टाकीचा इनलेट बंद करून ठेवा, आणि धार निवळल्याचं स्वतः पाहिल्याशिवाय वॉचमनने तो उघडायचा नाही, असं त्याला सांगून ठेवा.